कचेरीत आलेला बुटका दरवाजा

मी एक जुना, अर्धा दरवाजा आहे. मोठ्या माणसाच्या कमरेला लागेन एवढाच. मुलं मला 'बुटक्या' म्हणायची आणि मित्रांनो, मला त्याचा कधी राग आला नाही. उंची बेताची असली तरी माझा रुबाब मोठा होता.

सरकारी पाळणाघरासाठी सुताराने मला मुद्दाम घडवलं. कोपरे घासून गोल केले, बिजागरीपाशी इवलंसं बोटही चेमटणार नाही याची काळजी घेतली. कडी बाहेरच्या बाजूला, खाली बसवली. मुलांचा हात तिथे पोहोचत नसे, पण ती लागली की नाही हे आतल्या माणसालाही वाकल्याशिवाय दिसत नसे. म्हणून तिथल्या मुख्य बाईंनी, थोरल्या ताईंनी, एक शिस्त घालून दिली होती. बाहेर जाणाऱ्याने मोठ्याने म्हणायचं, "कडी लावली!" मग आतल्या ताईने माझ्यावरून वाकून पाहायचं आणि तेव्हाच म्हणायचं, "बघितली!" हे उत्तर आल्याशिवाय कुणी पाऊल उचलत नसे.

ताई पुरेशा होत्या. शिकलेल्या होत्या, त्यांना वेळेवर पगार मिळत होता. आईबापांची जशी मिळकत तशी फी. भिंगरीची आई बसमध्ये कंडक्टर. भिंगरी दीड वर्षाची, एका जागी टिकेल तर शपथ! तिला सोडून आई निर्धास्त कामावर जायची. ते दिवस खरंच सुखाचे होते.

मग 'निधी नाही' असं सांगून पाळणाघराला टाळं लावलं. खाजगी पाळणाघराची फी ऐकून भिंगरीच्या आईचे डोळे पांढरे झाले. पगार तिथेच ओतायचा तर नोकरी करायची कशाला? शेवटी गल्लीतल्या काकूंनी मुलं सांभाळायचं कबूल केलं. त्यांची खोली थेट रस्त्यावर उघडायची, म्हणून मुलांच्या आयांनी मला उचलून तिथे बसवलं. काकू मायाळू, पण एकट्या. एक बाळ कडेवर, दोन पायांत, एक पलंगाखाली. त्यांच्या नाकी नऊ यायचे. त्या नव्या चौकटीत मीही नीट बसलो नाही. कडी कधी कोयंड्यात जायची, कधी नुसतीच वर टेकून राहायची. मला रोज धाकधूक वाटायची.

एके सकाळी भिंगरीची आई घाईघाईने आली. आणखी एकदा उशीर झाला तर काम जाईल, अशी तिला ताकीद मिळाली होती. तिने लेकीला आत सोडलं, मला ओढून घेतलं आणि ओरडली, "कडी लावली!"

"बघितली!" आतून उत्तर आलं. ती वळून चालू लागली.

मित्रांनो, कडी लागली नव्हती. आणि बघितलीही कुणी नव्हती. काकू बाळाला दूध पाजत होत्या. उत्तर दिलं होतं पोपट नावाच्या तीन वर्षांच्या मुलाने. पाळणाघरात ताईंचं ऐकून ऐकून त्याला ते पाठ झालं होतं. काकूंना वाटलं, आईने पाहिली असेल. आईला वाटलं, काकूंनी पाहिली.

भिंगरीने मला ढकललं. मी किती घट्ट राहायचा प्रयत्न केला! पण लाकडाचं काय चालणार? मी उघडलो. ती पायरी उतरली आणि रस्त्यावर गेली. मालाचा एक ट्रक उलटा, मागे मागे येत होता. ड्रायव्हरला एवढंसं पोर दिसणं शक्य नव्हतं. मला हाक मारता येत नव्हती.

इतक्यात कोपऱ्यावर पोहोचलेली आई थबकली. तो आवाज काकूंचा नव्हता, हे तिला आत्ता उमगलं होतं. ती जिवाच्या आकांताने धावत सुटली. "थांबवा! अहो, गाडी थांबवा!" तिने ट्रकच्या फळीवर दणादण हात मारले आणि लेकीला चाकापासून ओढून छातीशी धरलं. ट्रक थांबला. ड्रायव्हर धडपडत खाली उतरला.

काकू रडत बाहेर आल्या. "मला दोनच हात आहेत गं! कुणाकुणाला धरू?"

"काकू, तुमची चूक नाही," आई म्हणाली. तिने माझी कडी हलवून पाहिली. मग ड्रायव्हरला म्हणाली, "कामाला उशीर झाला तर झाला. भाऊ, पाना आहे का? हा दरवाजा काढायचाय."

त्याने मला काढून दिलं आणि आई, काकू, मुलं अशा सगळ्यांना ट्रकमधून सरकारी कचेरीत पोहोचवलं. तिथे त्यांनी मला मोठ्या साहेबांच्या टेबलासमोर उभं केलं.

"हे काय आणलंत?" साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"तुमच्या पाळणाघराचा दरवाजा. कुठे बसवायचा ते सांगा."

"बाई, निधी नाही."

"साहेब, तुम्ही आज बसने आलात ना? ती बस आमच्यासारखीच माणसं चालवतात. बससाठी पैसे आहेत, मग आमच्या पोरांसाठी का नाहीत?"

"वर विचारावं लागेल."

"विचारा की. मुलं आहेत, दरवाजा आहे, आम्ही आहोत. आज कुणी हलत नाही."

साहेबांनी फोन उचलला आहे. काय ठरेल, मला ठाऊक नाही. माझा जीव टांगणीला लागला आहे.

मित्रांनो, मला रंग द्या, मला जपा, असं मी म्हणणार नाही. लाकूड मुलं सांभाळत नाही. त्यासाठी शिकलेली, पुरेशी माणसं लागतात आणि त्यांचा पगार सगळ्यांनी मिळून द्यावा लागतो. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यातलं कुणी या खुर्चीवर बसेल. तेव्हा कुणाचं लेकरू चाकाखाली सापडता सापडता वाचेल आणि मग त्याची आई दरवाजा उचलून तुमच्यासमोर येईल, एवढी वाट बघू नका.