दारात उभं पोर कुणाचं?

मित्रांनो, झांज कधी एकटी नसते. म्हणून 'मी एक जुनी झांज आहे' असं म्हणताना मला जरा चोरट्यासारखं होतं. आम्ही दोघी बहिणी, एकाच दोरीत ओवलेल्या, एकाच दिवशी जन्मलेल्या. माझी बहीण अजून खणखणीत आहे आणि मानीही आहे. ती अशा गप्पा मारत बसत नाही. मला मात्र कडेपासून मध्यापर्यंत तडा आहे. मला आता कुणी वाजवत नाही, तेव्हा बोलायला सवड आहे.

नगरच्या एका कासाराच्या भट्टीत आमचा जन्म झाला. कांस्याचा रस साच्यात ओतला, निवल्यावर ठोक ठोक ठोकलं, कडा घासल्या आणि मध्ये भोक पाडलं. ते दुखलं का, असं विचारू नका. लहानपणीचं कुणाला आठवतं? दुकानाच्या खुंटीवर आम्ही पुष्कळ दिवस धूळ खात होतो. तिथून आम्हाला जॉर्ज मास्तरांनी नेलं.

जॉर्ज मास्तर नेवाशाजवळच्या एका खेड्यात मिशनच्या शाळेत शिकवत. रविवारी उपासना घेत आणि संध्याकाळी ख्रिस्ती देवळासमोरच्या पटांगणात कीर्तन करत. येशूची गोष्ट ते अभंगाच्या चालीवर सांगत. पुढे ख्रिस्ती मंडळी बसत आणि कडेला घोंगड्या टाकून गावातले शेतकरीही बसत, कारण मास्तरांचा गळा गोड होता आणि गोड गळ्याला जात कुणी विचारत नाही.

मास्तरांची एक खोड होती. ते ओळ सुरू करत, आम्ही दोघी ताल धरत, ओळ चढत जाई, आणि शेवटचा शब्द यायच्या आत मास्तर आम्हाला तळहातांनी गप्प दाबून धरत. स्वतःही थांबत. एकदम सगळं शांत! त्या शांततेत लोकांच्या तोंडून तो शब्द आपोआप बाहेर पडे. माझ्या बहिणीला याचा भारी राग. ऐन रंगात गळा दाबतात, म्हणायची. मलाही आधी राग यायचा.

मास्तरांची मुलगी कृपा परकरात असल्यापासून मागे उभी राहून झील धरायची, म्हणजे मास्तरांच्या मागून ओळ ओढायची. एकदा तिनेच विचारलं, "बाबा, शेवटाला तुमी गप का बसता?"

मास्तर म्हणाले, "त्यो शबुद आपला न्हाई, कृपा. त्यो लोकांचा. आपन म्हनला तर लोकं ऐकत्यात. सोडला तर लोकं गात्यात."

ते ऐकलं आणि माझा राग गेला. बहिणीचा गेला नाही.

पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत मास्तरांना छातीचं दुखणं लागलं. दोन अभंगांतच त्यांना धाप लागे. कीर्तन बंद पडलं. मास्तरांच्या पत्नी मार्थाबाई यांनी आम्हाला जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलं आणि ज्वारीच्या कणगीमागे ठेवून दिलं. मित्रांनो, त्या अंधारात आम्ही किती वर्षं काढली, याचा हिशेब मी ठेवला नाही. अंगावर हिरवट डाग पडले. मास्तर खोकत, ते ऐकू येई. मास्तरांना आमची आठवण येते का, एवढंच मी बहिणीला विचारत असे. 

स्वातंत्र्य आलं. नगरला नवं कॉलेज निघालं आणि कृपा तिथे शिकायला गेली. हिवाळ्यातल्या एका रविवारी ती सर्व्हिस मोटारीने अचानक घरी आली आणि पायही न धुता म्हणाली, "बाबा, झांज पायजे."

फडक्यातूनच मी कान टवकारले. तिने जे सांगितलं ते असं.

कॉलेजात फुटबॉलचा संघ होता. त्याचा गोलरक्षक कानिफनाथ, काष्टीच्या एका शेतकऱ्याचा मुलगा. उंच, हाडापेराने मजबूत आणि लाजाळू. संघ बरा खेळे, पण बघायला आलेली माणसं तोंडात मूग गिळून बसत. कॅम्पातल्या, म्हणजे लष्करी छावणीतल्या, मैदानावर गोऱ्या सोजिरांचे सामने दोरीबाहेर गप्प उभं राहून बघायची लोकांना सवय. आवाज केला तर शिपाई छडी उगारायचा. गोरे गेले, छडी गेली, पण गप्प बसणं काही गेलं नाही.

यावर उपाय काढला पीटरने. पीटर कृपाच्याच वर्गात होता. कॅम्पात वाढलेला, मोठा हौशी गडी. पुठ्ठ्याचा भोंगा करून तो सगळ्यांपुढे उभा राहिला. कानिफनाथाने एक सुरेख चेंडू अडवला, तशी पीटरने आरोळी ठोकली, "हिप हिप हुर्रे!" बाकी सगळे गप्पच राहिले. दोरीपाशी शेंगा विकणारी दगडाबाई तेवढी म्हणाली, "कुनाला हाकलतंय ह्ये?" पण मैदानावरची बारकी पोरं खूष झाली. त्यांना एवढंच कळलं की ओरडायचं आहे. त्यांनी तोंडावर हात आपटत एकच गिल्ला केला, "हुर्यो! हुर्यो!"

आणि नेमके त्याच दिवशी कानिफनाथाचे वडील रंगनाथ लेकासाठी लोणी आणि भाकरी घेऊन काष्टीहून आले होते. दोरीपाशी उभे राहून त्यांनी काय ऐकलं? आपला पोरगा धुळीत लोळतो आहे आणि सगळं मैदान त्याची हुर्यो उडवतं आहे! तीही परक्यांनी नाही, त्याच्याच कॉलेजाने!

रंगनाथ मोजकं बोलणारे गृहस्थ. सामना संपल्यावर ते लेकाला एवढंच म्हणाले, "लोकांनी हुर्यो उडवावी म्हनून शिकाया धाडलं न्हाई तुला. ट्रंक भर. घरी चल."

कानिफनाथाने हुर्रे म्हणजे काय ते परोपरीने सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही. शेवटी त्याने वडिलांचे पाय धरले, "दादा, येत्या शनवारी येक सामना हाय. तेवढा बघा. मग म्हनाल तसं करीन." रंगनाथ म्हणाले, "बघतो. पन ट्रंक भरून ठेव."

पीटरला हे कळलं तेव्हा बिचारा रडकुंडीला आला. "मी तर त्याची तारीफ करत होतो!" असं ज्याला त्याला सांगत सुटला. आता शनिवारी मैदान गप्प राहिलं किंवा पुन्हा हुर्यो झाली, तर एका हुशार मुलाचं शिक्षण तिथेच संपणार होतं.

जॉर्ज मास्तर उठून कणगीपाशी आले. मग म्हणाले, "ती देवाच्या नावाची झांज हाय, कृपा. चेंडूच्या मागं वाजवायची?"

"देवाचं नाव न्हाई घ्यायचं तिथं, खरं हाय," कृपा म्हणाली. "पन त्याच्या बापाला पोरगं बघाया लावायचंय, बाबा. दुसरं काय वाजवू?"

मास्तर हसले. हसताना खोकले. मग मार्थाबाईंना म्हणाले, "चिंच भिजव गं."

त्या माउलीने आम्हाला चिंचेने आणि राखेने असं काही घासलं, की कणगीमागची सगळी वर्षं निघून गेली. कृपाने नवी दोरी ओवली. उजेडात मी बहिणीकडे पाहिलं. ती नव्या नवरीसारखी चमकत होती, आणि मीही तशीच दिसत असेन, असं मानून मी सुखावले.

शनिवार उजाडला. समोर रेल्वे कामगारांचा दांडगा संघ. मैदानाच्या कडेला चार-पाचशे माणसं. शनिवारचा काष्टीचा बाजार बुडवून रंगनाथ आले होते. लेकाची ट्रंक त्यांनी वसतिगृहातून आणवली होती आणि दोरीपाशी तिच्यावरच ते बसले होते. मागे टांगा उभा करून ठेवला होता.

कृपा पुढे आली, तशी मुलांत कुजबुज झाली. मुलगी? आणि हातात झांज?   पीटरने भोंगा पायाशी ठेवला आणि तो तिच्या मागे झील धरायला उभा राहिला. कृपाने ताल धरला आणि मास्तरांच्या चालीवर आपली ओळ म्हटली,

"नगरच्या वेशीला दार कुणाचं?"

आम्हाला दाबलं. शांतता. कुणी ओठ हलवला नाही. 'गोल, गोल' ओरडलं की लोकांना वाटे, चेंडू गोल आहे हे काय ओरडून सांगायचं; म्हणून कृपाने गोलच्या दोन खांबांना दार म्हटलं होतं. पण दार म्हणूनही कुणी बोलेना. दुसऱ्यांदा विचारलं. शांतता. पीटरच्या कपाळावर घाम आला. तिसऱ्यांदा ओळ चढली, थांबली, आणि ती मोकळी जागा दगडाबाईच्याने काही सोसवेना. शेंगांची पाटी सावरत ती ओरडली, "आमचं की गं बाई!"

सगळं मैदान हसलं. आणि हसायला उघडलेली तोंडं मिटायच्या आत कृपाने पुढची ओळ टाकली,

"दारात उभं पोर कुणाचं?"

"आमचं!"

मित्रांनो, काय तो आवाज! मुलं, प्रोफेसर, टांगेवाले, फेटेवाले, सगळे एका दमात. पुन्हा विचारावं, पुन्हा "आमचं!" कानिफनाथाने मान वर केली. ट्रंकेवर बसलेल्या रंगनाथांनी मात्र तोंड उघडलं नाही. ते नुसते मान वळवून लोकांची तोंडं बघत होते. हे खरं म्हणतात का थट्टा करतात, याची त्यांना खात्री होत नव्हती.

आमच्या संघाने एक गोल केला, समोरच्यांनी एक फेडला. आमच्या गोलच्या वेळी कृपाने आनंदाच्या भरात आम्हाला अशी काही टाळी दिली, की मला पोटात कळ आली. खण् ऐवजी थद् असा आवाज निघाला. तडा गेला होता. बहीण घाबरून माझ्याकडे बघू लागली. मी म्हटलं, वाजत राहा.

सामना संपायला थोडा वेळ उरला असताना आमच्या एका गड्याचा हात चेंडूला लागला. पंचांनी समोरच्यांना थेट दारावर पेनल्टीचा फटका दिला. मारणारा एक, आणि दारात एकटा कानिफनाथ. "पोर कुणाचं?" "आमचं!" गड्याने धावत येऊन फटका मारला. कानिफनाथाने उडी घेतली ती बरोबर बाजूला, पण चेंडू त्याच्या हाताखालून आत गेला.

रेल्वेवाले नाचू लागले. आमची बाजू चिडीचूप. आत्तापर्यंत आमचं आमचं म्हणणाऱ्या चारशे तोंडांना एकदम कुलूप लागलं. "घालवली लेकानं," असं कुणीतरी पुटपुटलं. कानिफनाथ धुळीत पालथा पडला होता, उठत नव्हता.

कृपाने आम्हाला वाजवलं. माझा आवाज फुटका, तिचाही फुटका. तिने विचारलं,

"दारात उभं पोर कुणाचं?"

आणि आम्हाला दाबलं. मास्तरांच्या हातांखाली मी हजार वेळा गप्प झाले असेन, पण एवढी लांब शांतता मी कधी सोसली नाही. दगडाबाईने मान खाली घातली. पीटरने डोळे मिटले.

तेवढ्यात ट्रंक करकरली. रंगनाथ उठून उभे राहिले होते.

"माझं!" ते ओरडले.  "माझं हाय ते पोर! काष्टीच्या रंगनाथाचं! ऊठ रं, कानिफा!"

सगळ्या मैदानाला लाज वाटली असावी. कारण त्यानंतर दगडाबाई ओरडली, "आनि आमचं बी!" आणि त्यापाठोपाठ जो "आमचं!" उठला, तो त्या दिवशीचा सगळ्यात मोठा. कानिफनाथ उठला. अंगावरची धूळही न झटकता दारात उभा राहिला. शिट्टी होईपर्यंत त्याने आणखी दोन चेंडू अडवले. सामना आम्ही हरलो तो हरलोच.

लेक समोर आला तेव्हा रंगनाथांनी त्याच्या अंगावरची धूळ झटकली. ते म्हणाले, "भाकरी खाल्ली व्हती का सकाळी?" बाकी काही नाही. पीटर भीत भीत पुढे झाला, ट्रंक उचलली आणि म्हणाला, "काका, टांग्यात ठेवू?"

"टांग्यात कशापायी? व्हती तिथं न्हेऊन ठेव," रंगनाथ म्हणाले. "आन ते तुझं हुर्यो-बिर्यो तेवढं बंद कर."

टांगा त्यांना एकट्याला घेऊन स्टेशनाकडे गेला.

कृपाने आम्हाला घरी आणलं. मास्तरांनी माझ्या तड्यावरून हळूच बोट फिरवलं. "लोकांनी म्हनला का शबुद?" त्यांनी विचारलं. कृपा म्हणाली, "म्हनला, बाबा." मग मास्तर म्हणाले, "तर मग वाया न्हाई गेली."

आता आम्ही मास्तरांच्या घरातल्या खुंटीवर टांगलेल्या आहोत. कासार म्हणतो, ही फुटकी द्या, वितळवून वाटी करतो. मार्थाबाई देत नाहीत. पण त्या तरी किती दिवस पुरणार? म्हणून मित्रांनो, तुमच्या घरात एखादी फुटकी, जुनी वस्तू असेल, तर मोडीत घालण्याआधी ती कशापायी फुटली तेवढं विचारा.

आणि आणखी एक मागणं. तुमचं एखादं पोर हरेल, धुळीत पडेल, आणि कुणीतरी विचारेल, हे कुणाचं? तेव्हा माझ्या मैदानासारखे गप्प राहू नका. तो शेवटचा शब्द झांजेला म्हणता येत नाही. तो तुम्हालाच म्हणावा लागतो.