एका बोल्टाखाली दोन पंप

धाकटीचं विमान पहिल्यांदा उडताना बघायला क्लबातले अकरा जण धावपट्टीच्या कडेला जमले होते. ते आज उडू नये असं वाटणारा त्यांच्यात मी एकटाच.

धाकटी माझी बहीण. वय एकसष्ट, हयात लेथवर गेली. गॅरेजमध्ये नऊ वर्षं खपून तिने हे विमान बांधलं आणि भंगारातल्या गाडीचं रोटरी इंजिन त्यात बसवलं. मी छापखान्यात मुद्रितं तपासायचो. विमानातलं मला जे कळतं ते वाचून, म्हणजे कळतंच असं नाही.

क्लबाचा नियम असा, की पहिल्या उड्डाणाआधी एकाने तपासणीची यादी मोठ्याने वाचायची आणि विमानात बसलेल्याने ते ते करून ‘झालं’ म्हणायचं. वाचणाऱ्याने कशालाही हात लावायचा नाही. शेवटची ओळ वाचून झाल्याशिवाय चाकांपुढचे ठोकळे काढत नाहीत. वाचायला धाकटीने मला घेतलं, कारण मी ओळ गाळत नाही.

इंधनाचं पान आलं. या इंजिनाला पेट्रोल जोराच्या दाबाने लागतं. पंप थांबला की इंजिनही थांबतं. म्हणून पंप दोन. प्रत्येकाला वेगळं बटण, वेगळा फ्यूज, वेगळी तार. पहिला बंद केला, इंजिन चालू राहिलं. तो लावून दुसरा बंद केला, तरी चालू. सगळ्यांनी माना डोलावल्या.

मला मात्र तीन दिवस एक गोष्ट खुपत होती. तिच्या आराखड्यात लाल रेघा दोन होत्या, शेवटपर्यंत वेगळ्या. वीज परत नेणाऱ्या काळ्या रेघा मात्र एकाच बोल्टाखाली येऊन मिळत होत्या. तिच्या ते लक्षात असणारच, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. एवढ्या जाणत्या माणसांत माझी काय टाप?

शेवटची ओळ समोर होती. माझं तोंड उघडेना.

क्लबाच्या प्रमुखाला सगळे कमांडर म्हणत. त्याने घड्याळ पाहिलं, चष्मा हरवला का म्हणून विचारलं. मी चाचरत बोल्टाचं सांगितलं. तो ढिला झाला तर दोन्ही पंप एकदम जातील, असं मला वाटतं, म्हणालो. चुकत असेन, हेही जोडलं.

कमांडर हसला. बटणं दोन्ही तपासली, कागदांवर सह्या झाल्या, बोल्ट ढिला करून बघा असं कुठल्याच यादीत नाही, म्हणाला. “काका, हे काही पुस्तक नाही. एखादी वेलांटी चुकली तर चालतं इथे.”

धाकटीचा चेहरा लाल झाला होता. बल्ब बदलायला दादा शेजाऱ्याला बोलावतो, हे तिने सगळ्यांना ऐकवलं. लोक हसले. मग ती हळू म्हणाली, “दादा, नऊ वर्षं झाली रे. वाच ना.”

मी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. घडी अगदी सरळ आली.

“नाही वाचत,” मी म्हणालो. “आधी तो बोल्ट ढिला कर.”

“मग मी वाचतो,” कमांडर म्हणाला. मी खिशावर हात ठेवून उभा राहिलो. इतक्या लोकांदेखत असा आडमुठेपणा मी जन्मात केला नव्हता.

धाकटीने मला चांगलं निरखून पाहिलं. मग रागारागाने पाना उचलला आणि इंजिन चालू ठेवूनच बटणांच्या बोर्डाखाली वाकली. एक आटा, दोन आटे.

इंजिन गप्प झालं. पंखा एकदा अडखळला आणि थांबला.

बोर्डाखालून आवाज आला, “काळी तार द्या. लांब.” उड्डाण पुढच्या महिन्यावर टाकू, असं कमांडरने सुचवलं. “आजच,” ती म्हणाली. “तुमच्या यादीत नसलेली ओळ आम्ही घालतोय, तेवढं थांबा.”

दुसऱ्या पंपाची तार वेगळ्या बोल्टावर घ्यायला तिला दोन तास लागले. तोवर मी पेन्सिलने ती ओळ लिहिली, एकदा खोडून पुन्हा लिहिली. मग पहिल्या ओळीपासून सगळं वाचलं.

“पहिला बोल्ट ढिला.”

“झालं,” ती म्हणाली. इंजिन चालू होतं.

तो घट्ट करून तिने दुसरा ढिला केला. तरीही चालू. तोही आवळून झाला तशी मी शेवटची ओळ वाचली, कमांडरला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. मग नियम मोडून ठोकळे मीच ओढले.