रुसलेलं वर्ष

"वहिनी, शेवटी तुम्ही बोलाल ना? दोनच शब्द," क्लबचे सेक्रेटरी वाकून म्हणाले आणि उत्तराची वाट न बघता माइक नीट करायला निघून गेले.

शोकसभेत ती पहिल्या रांगेत लेकीशेजारी बसली होती. समोर टेबलावर नवऱ्याचा मोठा केलेला फोटो होता. शर्यतीतला. छातीवर नंबर, तोंड उघडं, दोन्ही पाय जमिनीच्या वर. घरात हा फोटो नव्हता. घरातला तो असा नव्हताच. घरात तो हळू चालायचा, दार हळू लोटायचा, भांडंसुद्धा आवाज न करता ठेवायचा.

आधी कंपनीतला त्याचा जुना जोडीदार बोलला. लिफ्ट दुरुस्त करायची त्यांची नोकरी. पण तिचा नवरा स्वतः दुरुस्त केलेल्या लिफ्टमध्ये कधी पाय ठेवायचा नाही. हत्यारांची पिशवी खांद्याला लावून पायऱ्या चढत पळायचा, म्हणून कंपनीत सगळे त्याला 'जिना' म्हणत. एकदा एका बाईंनी त्याला विचारलं होतं, की तुमचाच तुमच्या कामावर भरवसा नाही का? हॉल हसला. तीही हसली. हा किस्सा तिला पाठ होता. घरी तो त्या बाईंचा आवाज काढून सांगायचा आणि लेक हसून हसून लोळायची.

मग कोच उठले. म्हणाले, पोरगा वाऱ्यासारखा धावायचा, पण एक खोड गेली नाही. बायको आणि मुलगी वळणावर उभ्या असायच्या, तिथे तो मान वळवायचाच. मान वळली की वेग तुटतो, हे त्याला कितीदा सांगितलं. एकदा हातातोंडाशी आलेलं पदक त्यात गेलं. कोच चिडले, तर म्हणाला, "सर, त्यांना बघायलाच तर मी वळणापर्यंत येतो."

लेकीने आईचा हात घट्ट धरला.

शेवटी घड्याळजी उभे राहिले. चौकात त्यांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं आणि नवरा ज्या मंडळींबरोबर प्रार्थनेला जायचा, त्यांत ते सगळ्यांत वडील. सावकाश, शब्द तोलून बोलले. एवढा दणकट गडी, पण शर्यतीआधी डोळे मिटून उभा राहायचा तेव्हा लहान मुलासारखा दिसायचा. आजारपणाने त्याचं सगळं नेलं, एक श्रद्धा तेवढी नेता आली नाही. शेवटच्या श्वासापर्यंत ती तसूभरही ढळली नाही.

मागे कुणीतरी सुस्कारा सोडला. तिने मात्र मान खाली घातली.

त्यांच्या संसारात देव हे खातं त्याचं होतं. पहाटे धावून आला की तो खिडकीपाशी उभा राहायचा. पाठीवरचा घाम वाळेपर्यंत प्रार्थना चालायची. मग लेकीला उठवायचा, तिची वेणी घालायचा. ती इतकी करकचून, की पोरीचे डोळे ताणले जायचे आणि ती म्हणायची, बाबा, मी काय लिफ्ट आहे का? आई स्वतः कधी खिडकीपाशी गेली नाही. माहेरी कुणी हात जोडणारं नव्हतं, तिला त्याची सवयच नव्हती. त्यानेही कधी आग्रह केला नाही. एवढंच म्हणायचा, "तुझ्या वाटचं मी मागून ठेवलंय."

मग अर्धांगाचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय गेला. बोलणं जड झालं, पण समजायचं. दवाखान्यातून घरी आल्यावर तिनेच त्याची खुर्ची खिडकीपाशी नेली. तो म्हणाला, "तिथे नको." तिला वाटलं, ऊन लागत असेल. काही दिवसांनी प्रार्थनेची मंडळी आली, घड्याळजीही होते. सगळे पलंगाभोवती उभे राहिले, तर त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. दमलाय बिचारा, म्हणत मंडळी हलक्या पावलांनी गेली. पुन्हा आली नाहीत.

तो दमला नव्हता. रुसला होता.

ते वर्ष फार लांबलं. तो सकाळी शर्टाची बटणं डाव्या हाताने लावायला बसायचा आणि तिने मदतीला हात पुढे केला, की तो हात झटकायचा. तिने समोर बसून नुसतं बघायचं. भात गार व्हायचा. संध्याकाळी तेवढा तिच्या हाताला धरून गल्लीत चार पावलं चालायचा. लेकीचा परगावाहून फोन आला, की तो खुणेने सांगायचा, ठीक आहे म्हण. ती म्हणायची, ठीक आहे. 

एके दिवशी तिला ती मोकळी खिडकी बघवेना. ती स्वतःच तिथे जाऊन उभी राहिली. काय म्हणायचं ते येत नव्हतं. मनात आलं ते पुटपुटली. पाठीमागून तो म्हणाला, "काय मागतेस?" ती म्हणाली, "तुमच्या वाटचं."  दुसऱ्या दिवशी तिला खिडकीपाशी जायला उशीर झाला, तेव्हा त्याने खुर्चीच्या दांड्यावर बोटांनी टकटक केली.

"आता वहिनी," सेक्रेटरी म्हणाले.

माइक तिच्यासाठी फार उंच होता. कुणीतरी येऊन खाली केला.

"सगळ्यांनी फार प्रेमाने आठवणी सांगितल्या," ती म्हणाली. "पण शेवटचं वर्षभर ह्यांनी प्रार्थना केली नाही. आजारामुळे नाही. देवावर रुसले होते."

हॉलमध्ये एक खुर्ची करकरली. लेकीने चमकून वर बघितलं.

"कुणाला कमीपणा आणायला मी हे सांगत नाही. तुम्ही सांगितलात तो माणूस माझाच होता. पण हा रुसलेलाही माझाच होता. तो तुम्हाला कुणाला भेटला नाही. त्याची आठवण मी एकटीनेच काढत राहायची, हे मला झेपायचं नाही. म्हणून सांगितलं."

ती जागेवर येऊन बसली. सेक्रेटरींनी घाईघाईने आभार मानले.

एक गोष्ट तिने सांगितली नाही. शेवटच्या सकाळी तो तिला म्हणाला होता, "उभी राहा ना तिथे. मी बघतो." ती म्हणाली, "मला नीट येत नाही हो." तो म्हणाला, "मला तरी कुठे येत होतं." ती उभी राहिली. वळून बघितलं तेव्हा त्याचे डोळे तिच्याकडेच होते. ती प्रार्थना होती, की तो नुसता बायकोकडे बघत होता, हे तिला कळलं नव्हतं. जे तिलाच कळलं नव्हतं, ते माइकवर काय सांगणार?

बाहेर चहा होता. लोक कप घेऊन तिच्यापासून जरा लांबच उभे होते. लेक जवळ आली. डोळे लाल होते. "मला तर फोनवर ठीक आहे म्हणायचीस."

"तेच सांगायचं ठरलं होतं आमचं."

"मी आले असते, आई."

"माहीत होतं त्यांना. म्हणूनच."

 लेकीची बसची वेळ झाली होती. चल माझ्याबरोबर, असं तिने पुन्हा एकदा म्हणून बघितलं आणि आईने पुन्हा एकदा नंतर बघू म्हटलं. लेकीची रिक्षा वळेपर्यंत दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

ती फाटकातून बाहेर पडत होती, तेवढ्यात मागून घड्याळजी आले. धापा टाकत होते. तिला वाटलं, आता हे समजूत घालणार. त्यांनी विचारलं, "काय म्हणायचा तो? रुसून?"

इतक्या दिवसांत हे कुणी विचारलं नव्हतं. 

"म्हणायचे, मी त्याच्याकडे पाय मागितले नव्हते. त्याने आपणहून दिले. दिलेलं परत घेतं का कुणी?"

घड्याळजींनी चष्मा काढला, पुसला, पण पुन्हा घातला नाही. "मला तेव्हा त्याने हे विचारलं असतं, तर उत्तर आलं नसतं," ते म्हणाले. चष्म्याची दांडी मिटत म्हणाले, "अजूनही येत नाही."

"त्यांना तेवढं म्हणणारं कुणी हवं होतं," ती म्हणाली.

घड्याळजींचं दुकान उलट्या दिशेला होतं. ते गेले. ती घराच्या रस्त्याला लागली. ऊन उतरलं होतं, ऑफिसं सुटली होती. माणसं घाईने मागून येत होती आणि तिला ओलांडून पुढे जात होती. तिची चाल अजून त्याच्याच पावलांची होती. एक पाऊल टाकायचं, थांबायचं, मग दुसरं. भिंतीकडची बाजू मोकळी सोडून ती रस्त्याच्या अंगाने चालली होती, आणि तिचा उजवा हात कोपरात दुमडून अंगापासून किंचित लांब राहिला होता, कुणालाही धरता येईल असा.