उत्तरेकडची पोथी

उंद्रीच्या शारदाबाईंच्या घरात एक नियम पक्का होता: बाई पोथीला बसली की तिला कुणी हाक मारायची नाही. एरवी तहसील कचेरीतून निवृत्त झालेले त्यांचे यजमान नीळकंठराव दिवसभर "शारदा, चहा", "शारदा, चष्मा" असा जप चालवायचे. म्हणून बाईंनी स्वीडिश शिकायचं ठरवलं, तेव्हा पुस्तक सरळ लाल कापडात गुंडाळलं, चौरंगावर मांडलं आणि उदबत्ती लावली. झालं, घर चिडीचूप!

हा खटाटोप नातीसाठी होता. मुलगा देवेश स्वीडनमध्ये, सून तिकडचीच, आणि पाच वर्षांच्या हिमानीला मराठीचा गंध नाही. व्हिडिओ कॉलवर पोर भडाभडा बोलायची आणि देवेश सांगायचा, "नमस्कार म्हणते." एवढ्या लांबलचक बोलण्यात नुसता नमस्कार? उभा जन्म शाळेत पोरांना वाचायला शिकवण्यात घालवलेल्या बाईंना हे पटेना. नात खरं काय बोलते ते त्यांना स्वतःच्या कानांनी ऐकायचं होतं. त्या तगमगीनं घास गोड लागत नव्हता.

पुस्तक हिमानीनंच आजीला पाठवलेलं, अस्वलाच्या पिल्लाच्या गोष्टीचं. उच्चार आणि अर्थ फोन सांगायचा, इयरफोन पदराआड. सुरुवातीला एका ओळीला अख्खी सकाळ जाई. मग हळूहळू अस्वल जंगलात शिरलं, आईला शोधू लागलं, आणि बाईंना अक्षरओळख झालेल्या पोरीसारखा आनंद झाला. वाचनानं माणूस वाढतो, असं त्या वर्गात सांगत आल्या होत्या. आता पासष्टीत आपणच वाढतोय हे पाहून त्यांना हसू येई. कधी कधी तर त्या अस्वलाला मनातल्या मनात उंद्रीच्या बाजारात फिरवून आणत.

एकदा शेजारच्या तानुबाई दारात थबकल्या. "बाई, हे कोन्त्या देवाची पोथी व्हय?"

"उत्तरेकडच्या," शारदाबाई म्हणाल्या. उत्तरेकडचं एवढं तरी खरं होतं.

तानुबाई रोज हात जोडून ऐकायला बसू लागल्या. त्याच आठवड्यात त्यांच्या आटलेल्या म्हशीनं पान्हा सोडला आणि गावभर बोभाटा झाला. नीळकंठरावांची छाती फुगली. पारायण म्हटलं की सांगता आलीच. त्यांनी बाईंना न विचारता रविवारी रोडगे आणि वांग्याच्या भाजीचा बेत ठरवला आणि सगळ्या आळीला आवतण दिलं.

रविवारी घर बायकांनी भरलं. वर नीळकंठरावांनी देवेशला व्हिडिओ कॉल लावून फोन चौरंगाशी उभा केला. "पाय बे, तुही आई काय वाचते!"

शारदाबाईंनी लाल कापड पुस्तकावर ओढलं. आता आपलं बिंग फुटणार! पण पळायला वाट नव्हती. त्यांनी पुस्तकाला नमस्कार केला आणि वाचायला सुरुवात केली. दुसऱ्याच ओळीला फोनमधून हिमानी आनंदानं किंचाळली आणि पुढचं सगळं पान तिनं घडाघडा म्हणून दाखवलं.

"अव माय!" तानुबाईंनी गालावर हात ठेवला. "एवढुशा लेकराले पोथी पाठ हाय!"

पान संपल्यावर हिमानी थांबली आणि आजीकडे बघून काहीतरी लांबलचक बोलली. देवेश घाईघाईनं म्हणाला, "नमस्कार म्हणते."

पण बाईंना कळलं होतं. पोर म्हणाली होती, 'आजी, मी सारखी विचारते तुझ्याकडे कधी जायचं, आणि बाबा सारखा म्हणतो पुढच्या वर्षी.' बाईंचे डोळे भरून आले, आणि मुलाचा रागही तितकाच आला. त्या फोनकडे वाकल्या. "कोम, हिमानी. कोम स्नार्ट." ये गं, लवकर ये.

देवेशचा चेहरा बघण्यासारखा झाला. "आई, तुले समजते?"

"सगळं समजते मले," शारदाबाई म्हणाल्या.

"काय म्हणते पोथी?" नीळकंठरावांनी भक्तिभावानं विचारलं.

बाईंनी डोळे पुसले. "पोथी म्हणते, देवेशनं येत्या दिवाळीले लेकराले घेऊन घरी यावं."

बायकांनी एकदम हात जोडले. नीळकंठराव फोनवर गरजले, "आयकलं काय बे? पोथीतच लिहेल हाय, आता कोण काय करन?"

"काढतो तिकिटं," देवेश पुटपुटला.

बाबा मराठीत काय बोलला, ते हिमानीनं त्याला लगेच विचारलं. त्यानं तोंड उघडायच्या आत शारदाबाईंनी तिला तिच्याच भाषेत सांगून टाकलं.