बावीस बोटं पंखांचं जहाज

मी हवाई जहाज बोलतोय. हसू नका. जवारीच्या धांड्याचा असलो म्हणून काय झालं? नेकनूरच्या माळावर मी उडालोय, आणि त्या दिवशी अर्जुनराव पाटलासारखा माणूस बैलगाडीवर चढून बसलाय. ज्याला पटत न्हाई त्यानं पाटलालाच इचारावं.

निजामाचं राज्य व्हतं. पौषातली सकाळ, लई गारठा. धुळाजी धनगर पाटलाच्या मोकळ्या रानात मेंढरं बसवून व्हता. लेंड्यांचं खत पाटलाला, चारापाणी मेंढरांना, अशी दोघांची बोली. कळपात पाटलाच्याबी धा-बारा मेंढ्या व्हत्या. तेवढ्यात वर घरघर झाली आणि एक खरंखुरं जहाज आभाळातून गेलं. त्याची सावली रानातून पळाली तशी मेंढरं उधळली. वळून आणेपर्यंत पाटलाच्या दोन मेंढ्या लांडग्यानं नेल्या.

गाव थंडीनं दारं लावून आत बसलं व्हतं. ज्यांनी घरघर ऐकली तेबी म्हणले, कुणाचं तरी जातं चाललंय.

पाटील म्हणला, "धुळ्या, झोप लागली म्हण की. आभाळात लोखंड उडतं व्हय बे?"

"देवाशपथ उडालं, मालक."

"आठ दिवसांत साबित कर. न्हाई तर मेंढरं उचल माझ्या रानातून."

उचलून न्यायची कुठं? आष्टीपातुर समदा उघडा माळ. कोकरं आठवड्याची. त्या गारठ्यात चालवली असती तर निम्मी वाटंतच आडवी झाली असती. म्हणून धुळाजीनं ठरवलं, जसं बघितलं तसंच जहाज करून दावायचं. तसा मी जन्माला आलो.

आता जहाजाचं माप घ्यायचं कसं? वर हात पोचत न्हाई. पण सावली तर भुईवर पडली व्हती. तिचा एक पंख बोरीला लागला, दुसरा विहिरीच्या कडंला. धुळाजीनं मधलं अंतर आपल्या काठीनं मोजलं. बावीस काठ्या. एका काठीला एक बोट धरलं आणि माझे पंख बावीस बोटं ठरले.

त्याची बायको साखराबाई चुलीपाशी व्हती. ती म्हणली, "अवो, सकाळच्या उन्हात तुमचीबी सावली त्या लिंबाच्या झाडाएवढी पडते. म्हणून तुमी लिंब झाला व्हय?"

"तू गप. माप म्हंजी माप."

अंगाच्या सावलीला कायच खूण न्हवती. ते त्यानं डोळ्यानं धरलं, आठ बोटं. आता तुमीच बघा. अंग आठ, पंख बावीस. मी जहाज कमी आणि करकोचा जास्त.

धांड्याची साल सोलून आतला हलका गर घेतला. खिळे बाभळीच्या काट्याचे. पंखांना कागद गेवराईच्या बाजारातून गुळाला गुंडाळून आलेला, उर्दू अखबाराचा. काय लिहिलंय ते मला वाचता येत न्हाई, पण रुबाब लई पडतो. गोडाच्या वासानं मुंग्या मात्र फुकटात बसायच्या.

थंडीनं कागद चिकटवायचा डिंकच वाळंना. साखराबाई रोज सकाळी मला शेकोटीवर धरून बसायची. तोंडानं नवऱ्याला नावं ठेवायची, पण हात हालू द्यायची न्हाई. एकदा बोलण्याच्या नादात डावा पंख करपला. मग एका मेंढीनं माझं शेपूट खाल्लं. तिची चूक न्हाई, धांडा म्हंजी तिची न्याहारीच. धुळाजीनं दुसरं बसवलं आणि तोल राहावा म्हणून नाकाला गाऱ्याचा, म्हंजी चिखलाचा, गोळा लावला.

आठव्या दिवशी पाटील बैलगाडीतून आला, संगं चार माणसं. मला बघून उतरला आणि पोट धरून हसला.

"ह्याला भिऊन पळाली व्हय रं मेंढरं? हे तर खेळणं हाय."

"खेळणंच हाय, मालक," धुळाजी म्हणला. "पण ते मेंढरांना कुठं ठावं?"

तो टेकाडावर चढला. खाली मेंढरं निवांत चरत व्हती. साखराबाईनं कोकरं आधीच वाघरात, म्हंजी जाळीच्या कुंपणात, कोंडली व्हती. धुळाजीनं मला डोक्यावर धरलं, वारं बघितलं आणि सोडलं.

खरं सांगतो, मलाबी वाटलं, पडतोय. पण ते चुकीचे लांब पंख वाऱ्यावर असे टेकले की मी तरंगतच राहिलो. खाली माझी सावली मेंढरांच्या पाठीवरून सरकली. एका मेंढीनं मान वर केली. आणि मग समदा कळप उधळला, त्या दिवसासारखाच. नेमका पाटलाच्या अंगावर.

पाटील गाडीवर चढला. पटका खाली पडला आणि दोनशे मेंढरं त्या पटक्यावरून गेली. ह्या बारीला मात्र धुळाजीची कुत्री आडवी उभी व्हती. एकबी मेंढी हरवली न्हाई.

धूळ बसल्यावर पाटील गाडीवरूनच म्हणला, "खोट्याला एवढी पळतेत, मग खऱ्याला का न्हाई पळायची. बस बाबा रानात. पण आधी त्याला झाक."

साखराबाईनं मला पदराखाली घेतलं. नवऱ्याला म्हणली, "माप चुकलंच व्हतं."

"म्हणूनच उडालं," धुळाजी म्हणला.

आता मी त्यांच्या घरात आढ्याला टांगलेला हाय. गारा कधीच गळून पडला, करपलेला पंख लोंबतोय, मुंग्या अजून येतात. मी कुणाला काय मागत न्हाई. एकच काम करा. ते खरं जहाज परत कधी आमच्या माळावरून गेलं, तर खालून हाळी द्या. म्हणावं, तुझे पंख आखूड हायत, खाली उतर, धुळाजीकडं बरोबर माप हाय.