माझा आकडा खरा होता

मी एक जुना वजनकाटा आहे. पाथर्डीच्या पूर्वेला एका वस्तीवरच्या अंगणवाडीत, आढ्याला टांगलेला. माझ्या खालच्या झोळीत बाळ बसलं की काटा फिरतो आणि सेविका रेश्माताई तक्त्यावर ठिपका देतात. हिरव्या पट्ट्यात ठिपका पडला की आया हसतात. त्या हसण्याचा मला फार गर्व होता, मित्रांनो.

चैत्रात ऊसतोडीवरून माणसं परतली. राजेश्वरी सव्वा वर्षाच्या आदिनाथला घेऊन आली, सोबत सासू दगडाबाई. एरवी मुलं झोळीत इतकी हातपाय झाडतात की काटा ठरतच नाही. आदिनाथ बसला आणि काटा लगेच थांबला. मला कसंसंच झालं. पण सांगणार कसं? माझ्या तबकडीवर फक्त किलो आहेत.

"नऊ किलो! हिरव्यात आहे," रेश्माताई म्हणाल्या. "अन् किती गुणी बसलाय!"

राजेश्वरी हसली नाही. "ताई, कायतरी बिघडलंय. कडंवर घेतलं की बिलगायचा हा. आता नुसता जड लागतोय."

"दुखतंखुपतं का काही?"

"तसं न्हाई सांगता येत. पर मला कळतंय."

"बारावी काय झाली, काट्यालाबी खोटं पाडती!" दगडाबाई म्हणाल्या. "लोकांची पोरं वजन धरंनात म्हणून रडत्यात, हिचं वाढलं तरी रड! चल घरी."

राजेश्वरीने माझ्याकडे पाहिलं, पदर सावरला आणि गेली.

मला नंतर कळलं, आठव्या दिवशी अंघोळ घालताना दगडाबाईंचं बोट त्याच्या पायात रुतलं. खड्डा तसाच राहिला. ती सूज होती, अंगात साचलेल्या पाण्याची. मी पाणी तोललं होतं, मित्रांनो, आणि माझ्या आकड्यात ते बाळसं ठरलं होतं. नगरच्या दवाखान्यात दीड महिना गेला. आदिनाथ वाचला, पण दोन वर्षांचा झाला तरी अजून धरल्याशिवाय उभा राहत नाही. "आठ दिवस आधी आणायला हवं होतं," एवढंच डॉक्टर म्हणाले.

रेश्माताई राजेश्वरीसमोर रडल्या. राजेश्वरी म्हणाली, "तुमचं काय चुकलं, ताई? मला कळत हुतं. मीच गप बसले."

मला कुणीच बोल लावला नाही. माझा आकडा खरा होता ना! तेच मला जास्त लागतं.

मित्रांनो, मला पुसा, तेल द्या, माझा आकडा जरूर लिहून घ्या. पण बाळाची आई "कायतरी बिघडलंय" म्हणाली, तर तिच्याकडे पुरावा मागू नका. बाळाला झोळीतून काढा, पुन्हा नीट पाहा. आणि तिचं बोलणं संपेपर्यंत माझ्याकडे बोट दाखवू नका.