चहा संपेपर्यंत

आत्या बाथरूममध्ये अडकली आणि बाबांचा चेहरा लॉटरी लागल्यासारखा उजळला.

आत्या एकटी राहते, हे बाबांना कधीचं खुपतंय. आमच्या मधल्या खोलीत त्यांनी तिच्यासाठी पलंगसुद्धा टाकून ठेवलाय. ती येत नाही, म्हणून तिथे सध्या इस्त्रीचे कपडे राहतात. मागच्याच आठवड्यात बाबांनी तिच्या बाथरूमची जुनी कडी काढून नवं हँडल बसवलं होतं. "आत चक्कर येऊन पडलीस, तर बाहेरून उघडता यायला हवं ना!" आज आम्ही आमच्याकडच्या किल्लीनं तिच्या घरात शिरलो तेव्हा ते हँडल बाहेरून नुसतं गोल गोल फिरत होतं. आतलं आत्याच्या हातात आलं होतं.

"ताई, घाबरू नकोस! दार फोडतो!" बाबांनी हातोडा उचलला. "आणि आज बॅग भरायची. एकटीनं राहणं बस झालं."

"घाबरतंय कोण? दाराला हात लावलास तर याद राख, छोटू."

छोटू साठीचे आहेत आणि त्यांना टक्कल आहे.

"मग करायचं काय?"

"सल्ला द्या. हात माझे मला आहेत."

आवाज ऐकून वरच्या काकू तेलाची बाटली घेऊनच खाली आल्या. काकूंचा सगळ्यावर हाच उपाय. माझ्या गणिताच्या मार्कांवरही त्यांनी तेलच सुचवलं होतं.

मी फोनवर दार उघडण्याचा व्हिडिओ लावला आणि फोन दाराखालच्या फटीतून आत सरकवला. त्यातला उत्साही माणूस म्हणाला, "सर्वात आधी दाराच्या बाहेर उभे राहा."

"ह्याला आत पाठव," आत्या म्हणाली, "मग बघू किती बोलतो."

बाबांचा संयम संपला. हातोडा वर गेला.

"मला चहा हवाय," आतून आवाज आला.

हातोडा वरच थांबला. आमच्या घराण्यात लग्नं मोडली, बोलणी बंद झाली, पण एक नियम कुणी मोडला नाही: समोरच्याचा चहा संपेपर्यंत वाद काढायचा नाही.

चहाची बशी फटीतून आत गेली. मागोमाग स्क्रूड्रायव्हर आणि दोन बिस्किटं.

"संपला?" बाबांनी विचारलं.

"गरम आहे."

"आता?"

"आता गार झालाय. गार चहा मला घाईनं जात नाही."

मग आतून ठकठक सुरू झाली. "काकू, बिजागरीची खिळी वर निघते का खाली?"

"खालून वर ठोका," काकू म्हणाल्या. "आधी खालची बिजागरी, वरची शेवटी. नाहीतर दार अंगावर येईल. आणि तेल सोडा!"

बाटली फटीतून जाईना. काकूंनी झाकणात तेल ओतून आत दिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं तेल योग्य जागी लागलं.

"ठोकतेस कशानं?" बाबांना राहवेना.

"टाचा घासायच्या दगडानं. तुझ्या हँडलपेक्षा मजबूत आहे."

खिळ्या निघाल्या. "बिजागरीच्या बाजूनं ढकल गं, हळू," आत्यानं मला सांगितलं. दार आत सरकलं, तिनं ते भिंतीला टेकवलं आणि कानामागे स्क्रूड्रायव्हर खोचून ती बाहेर आली. हँडल तिनं बाबांच्या तळहातावर ठेवलं.

"दोन स्क्रू कमी लावलेस."

"पुरतील असं वाटलं."

"मला विचारायचंस. दार माझं आहे."

बाबांनी घसा खाकरला. "ते ठीक आहे, पण ताई, मधली खोली..."

आत्यानं बशी पुढे केली. तळाशी घोटभर चहा होता.

"अजून संपला नाहीये."

दुपारी तिनं दार परत बसवलं, जुन्या कडीसकट. बाबांनी दार धरून ठेवलं. त्यांना सल्ला द्यायची परवानगी नव्हती.

तो घोटभर चहा आता तिच्या फ्रिजमध्ये असतो, झाकण ठेवून. बाबा घसा खाकरू लागले की ती बशी काढून ओट्यावर ठेवते. परवा त्यावर बुरशी दिसली. मी दाखवली.

"असू दे," आत्या म्हणाली. "छोटू, तूच बघ. संपलाय का?"

बाबांनी चष्मा लावून, वाकून नीट पाहिलं.

"नाही," ते म्हणाले.